वाचनाला लेखिका हजर होत्या

मी कादंबऱ्यांवरून सिनेमे लिहिते हे कळलं की समोरचा माणूस हमखास एकच वाक्य बोलतो. "पण काही म्हणा, मूळ पुस्तक जास्त चांगलं होतं." हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही ऐकलंय. एकदा तर अशा गृहस्थांकडून ऐकलं, ज्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि सिनेमाही पाहिलेला नव्हता. पुण्यात मत असायला तेवढ्याची गरज लागत नाही. पूर्वी मी वाद घालायचे. आता "हो, होतं" म्हणते आणि पुढे सरकते.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कामाचे गमतीदार अनुभव मागितले होते. जे गमतीदार आहेत ते आधी सांगून टाकते, कारण पुढे तसं फारसं काही नाही.

आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं. कादंबरीत लेखक लिहितो, "त्या दिवसापासून तिचं संसारातून मन उडालं." वाचणाऱ्याला एवढं पुरतं. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. त्याला ताटातला भात तसाच राहिलेला दिसतो, नवऱ्याची हाक आल्यावर घड्या घालणारे हात जरासे थांबलेले दिसतात. लेखकाच्या एका ओळीसाठी असे हात शोधायचे, हे आमचं काम. शिवाय कापाकापी असते. पुस्तकात दोन काका असले तर सिनेमात एकच ठेवायचा, आणि त्या एकाने दोघांची कामं करायची. वाचकाने आठवडाभर पुरवून वाचलेलं पुस्तक प्रेक्षकाला जेवायच्या वेळेआधी संपलेलं हवं असतं.

एका लेखकांच्या पुस्तकातला काका मी असाच कापला होता. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पुढे कुणीतरी सांगितलं की तो त्यांचा खराखुरा काका होता, आणि शेवटच्या आजारपणात तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तकातलं आपलं पान उघडून दाखवायचा. दुसरे एक लेखक सदाशिव पेठेतले. कोणती वाक्यं काढायची नाहीत त्याखाली रेघ मारून द्या, असं मी त्यांना नम्रपणे सुचवलं. त्यांनी प्रत परत पाठवली तेव्हा सगळ्या पुस्तकाखाली रेघा होत्या. फक्त अर्पणपत्रिका मोकळी सोडली होती. ती त्यांच्या सौभाग्यवतींना होती.

सिनेमात मूळ लेखकाची जागा मुलीच्या लग्नात बापाची असते तशी. फेटा बांधतात, पुढच्या खुर्चीत बसवतात, येणारा-जाणारा पाया पडतो आणि ठरायचं ते आतल्या खोलीत ठरतं. करारात त्याला "साहित्य सल्लागार" म्हणतात. हा सल्ला कुणी कधी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून मी माझ्यापुरती एक रीत सोडली नव्हती, ती म्हणजे वाचन. पटकथा पूर्ण झाली की दिग्दर्शक, निर्माता, मुख्य नटमंडळी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे आणि पटकथा लिहिणाऱ्याने ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायची. लेखक समोरच्या खुर्चीत. त्याने हात वर केला की थांबायचं, आणि ज्या सीनवर हात वर झाला तो सीन बदलायचा. वाचन संपलं की लेखकाचा हक्कही संपला. आता सगळे फोनवर पटकथा पाठवतात आणि न वाचता अंगठा दाखवतात. माझ्या कामांत मात्र वाचन व्हायचं, आणि त्यात वर झालेला हात कुणी खाली करायला लावला असं कधी घडलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, आणि तो लपवायचीही मी कधी तसदी घेतली नाही.

आता इंदुताईंची गोष्ट. नावं मी सगळ्यांचीच बदलली आहेत आणि कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतीलच.

इंदुताई शाळेत शिक्षिका होत्या. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ती मुलींच्या होस्टेलमध्ये हातोहात फिरायची. विजया नावाची मुलगी तालुक्याच्या गावी सासरी नांदते आहे. मारझोड फारशी नाही, पण रोजचं थोडं थोडं पिळणं आहे, आणि सासू आणि नवरा मिळून ते शिस्तीत करतात. शेवटच्या प्रकरणात एका दुपारी सासू हळदीकुंकवाला गेलेली असते. विजया स्टोव्हवर भात चढवते, थोडा वेळ नुसती बघत राहते, मग स्टोव्हची चावी सोडते. हवा गेल्याचा आवाज येतो आणि स्टोव्ह विझतो. ती पातेल्यावर झाकण ठेवते, चपला घालते, एसटी स्टँडवर जाते आणि उभ्या असलेल्या पहिल्या गाडीत चढते. कादंबरी तिथे संपते. आम्ही मुली ते पान पुन्हा पुन्हा वाचायचो. आमच्यातल्या एकीने नंतर खरोखर चपला घातल्या, आणि त्याचं श्रेय ती अजून त्या पानाला देते.

या कादंबरीवर सिनेमा करायचा म्हणून निखिल माझ्याकडे आला. मूळचा यवतमाळकडचा, इंजिनिअरिंगला पुण्यात आलेला. खराडीत एका कंपनीत काही वर्षं काढली आणि मग नोकरी सोडून सिनेमात पडला. निर्माता म्हणजे त्याच कंपनीतले त्याचे जुने साहेब. मुलगा चांगला होता. वाचणारा होता, ऐकून घेणारा होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून त्याला खलनायक ठरवायचा मोह होईल. मलाही झाला होता.

आम्ही दोघं इंदुताईंच्या घरी गेलो. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली स्पर्धापरीक्षांचा क्लास, त्यामुळे जिन्यात कायम मुलांच्या चपलांचा ढीग. त्यांनी लग्न केलं नव्हतं, एकट्याच राहायच्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या निखिलला म्हणाल्या की मधलं काय करायचं ते करा, मला सिनेमातलं कळत नाही, फक्त शेवटाला हात लावायचा नाही. निखिल त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, शेवटासाठीच तर ही कादंबरी घेतोय." त्या क्षणी तो मनापासून बोलत होता, याबद्दल मला आजही शंका नाही. करारात मात्र नेहमीची ओळ होती, की माध्यमाच्या गरजेप्रमाणे आवश्यक ते बदल करता येतील. मी तिच्यावर बोट ठेवलं. इंदुताई म्हणाल्या, मुलाने तोंडाने कबूल केलंय ना, मग कागदाचं काय घेऊन बसायचं. आणि सही केली.

मग माझ्या बैठका सुरू झाल्या. माझी एक पद्धत आहे. लेखकाला पुस्तकात असलेलं विचारायचं नाही, ते छापलेलंच असतं. नसलेलं विचारायचं. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला होती, सकाळचा पहिला चहा कुणाला मिळायचा, सासू हाक नावाने मारायची की नुसतं "अगं ए" म्हणायची. चांगल्या लेखकाला हे सगळं माहीत असतं. त्याने ते लिहिलेलं नसतं एवढंच. इंदुताईंना तर विचारायची खोटी. विजयाच्या सासूला चहात आलं चालायचं नाही आणि नवऱ्याला आल्याशिवाय चालायचा नाही, त्यामुळे दोन भांडी घासावी लागायची, हे त्या मी प्रश्न पुरा करायच्या आत सांगायच्या. मी मनात म्हणत होते, काय बाई आहे. एकच पुस्तक लिहिलं, पण घर उभं केलं.

अशा विचारत विचारत आम्ही शेवटाशी आलो. मी विचारलं, गाडी कुठली होती? त्यांना सांगता येईना. खिडकीशी जागा मिळाली का? माहीत नाही. पदरात पैसे किती होते, कुठपर्यंतचं तिकीट काढलं, काहीच माहीत नव्हतं. "ते तू घाल," असं त्या म्हणाल्या. ज्या बाईला चहाची भांडी माहीत, तिला तिकीट माहीत नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. मी जरा हट्टाने पुन्हा विचारलं. इंदुताईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"शैला," त्या म्हणाल्या, "ती चावी तिने सोडली नाही गं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. विजया म्हणजे त्यांची धाकटी बहीण कुंदा. चहाची भांडी, खिडकी, सासूची हाक, सगळं ती माहेरी आली की रात्री अंथरुणात पडून सांगायची. एका दुपारी सासरहून निरोप आला की स्टोव्हचा भडका उडाला. माहेरची माणसं पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. भडका उडाला, की तिने उडवला, की कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कारण वडिलांनी पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं. इंदुताईंचं लग्न व्हायचं होतं, घराण्याचा बोभाटा नको. "ते लग्न काही झालं नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर घरात कुंदाचं नाव कुणी घेतलं नाही. आलं तर सगळे गप्प व्हायचे आणि कुणीतरी दुसरा विषय काढायचं. पुढची कित्येक वर्षं इंदुताईंना ती सतत त्या स्वयंपाकघरातच दिसायची. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या लिहायला बसल्या आणि त्यांनी तिला तिथून बाहेर काढलं.

"स्टँडपर्यंत नेली तिला. गाडीत बसवली. पुढे मला जाताच येईना, म्हणून पुस्तक तिथे संपलं. लोक म्हणतात काय सुंदर शेवट केलाय, मोकळा सोडलाय. मी सोडला नाही. मला येतच नव्हतं पुढचं."

हे कुणाला सांगू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या. मी शब्द दिला. घरी येताना लक्ष्मी रोडच्या गर्दीत चालत होते आणि मला रडू येत होतं. इतकी वर्षं जे पान आम्ही मुली धीर यावा म्हणून वाचत होतो, ते एका बाईने आपल्या मेलेल्या बहिणीसाठी लिहिलं होतं.

पटकथा मी जीव ओतून लिहिली. शेवट जसाच्या तसा ठेवला, गाडी मात्र मी घातली. निखिलने वाचून मला खराडीच्या ऑफिसात बोलावलं. काचेची खोली, खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगा, टेबलावर कुणी न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या. निर्मातेसाहेब होते. निखिलचा चेहरा उतरलेला होता. त्याने पटकथा परदेशातल्या कुठल्याशा शिबिरात दाखवली होती आणि तिथल्या जाणकारांचं म्हणणं पडलं होतं की सगळं उत्तम आहे, पण शेवट भाबडा आहे.

"मॅडम, पहिल्या सीनपासून आपण स्टोव्ह दाखवतोय," निखिल म्हणाला. "तो पेटतो, भडकतो, सासू ओरडते. ऑडियन्सला वाटतं आता होणार, आता होणार. आणि शेवटी ती तो बंद करून निघून जाते. इट्स अ चीट. त्या काळात कोण बाई अशी बसमध्ये बसून गेली? आपण खरं दाखवू ना."

त्याला विजया शेवटी जळालेली हवी होती. मी कारागिरीच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. म्हटलं, मराठी पडद्यावर मरणाऱ्या बायकांना तोटा नाही, निघून जाणारी एखादीच असते. म्हटलं, भडका उडायची वाट बघणाऱ्या प्रेक्षकाला तो उडाला नाही म्हणून सुटल्यासारखं वाटेल, आणि तीच तर या गोष्टीची ताकद आहे. निर्मातेसाहेब मान हलवत होते, फोनवर काहीतरी बघत होते आणि मधूनच "पण इम्पॅक्ट" म्हणत होते. खरं कारण माझ्या जिभेवर होतं आणि ते बोलायची मला चोरी होती. शेवटी निखिल हळूच म्हणाला, "माझ्या मावशीला कुठली बस नाही मिळाली, मॅडम. मी सहावीत होतो. आमच्या घरी अजून म्हणतात, तिचा पदर पेटला म्हणून. त्या पुस्तकात ती बसमध्ये बसते ना, तेव्हा मला राग येतो."

एक माणूस खोटं सांगून जगत आला होता आणि दुसऱ्याचा त्याच खोट्यावर राग होता. दोघांची माणसं एकाच तऱ्हेने गेलेली. मी एवढंच म्हणाले की हे सीन मी लिहिणार नाही. त्यांनी ते एका तरुण लेखकाकडून लिहून घेतले. मी वाचनाचा आग्रह धरला आणि निखिलने तो लगेच मान्य केला, कारण माझी रीत त्याला माहीत होती आणि तिचा त्याला आदरच होता.

मी इंदुताईंना आधी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवट बदललाय, तुम्ही या, तिथे हात वर करा, वर केलेला हात आजवर कुणी डावललेला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, येते, म्हणाल्या.

टिळक रोडजवळ एक छोटा हॉल घेतला होता. दुपारची वेळ, पंखे फुल्ल. नारळ फुटला, पेढे फिरले. इंदुताई ठेवणीतली निळी साडी नेसून समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि नटमंडळी एकेक करून त्यांच्या पाया पडत होती. मी वाचायला लागले. सासूच्या चहाच्या भांड्यांना लोक हसले. विजया होणारी मुलगी पेन्सिल हातात धरून खाली मान घालून ऐकत होती. शेवटचे सीन आले. ते मी लिहिलेले नव्हते, पण रीत म्हणजे रीत, ते मीच वाचायचे होते. विजया भात चढवते. विजया दाराला आतून कडी घालते. माझा आवाज मला परका वाटायला लागला.

इंदुताईंनी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, सरळ, बोट वर करून. मी थांबले.

त्या म्हणाल्या की हा शेवट मला मान्य नाही, ठरल्याप्रमाणे पुस्तकातला ठेवा. निखिल उठून उभा राहिला. अतिशय अदबीने बोलला. म्हणाला की पुस्तकाचा तो मान राखतोच आहे, पण त्या काळातल्या बाईचं खरं जे होतं ते दाखवणं ही आपली जबाबदारी आहे. मी मध्ये पडले. म्हटलं, हात वर झाला आहे, विषय संपला. तो तसा तिथेच संपला असता असं मला अजून वाटतं. निखिल गोंधळला होता, निर्मात्यांकडे बघत होता. पण इंदुताईंना वाटलं, मुलाला नीट समजावून सांगावं.

"खरं काय होतं ते मला माहीत आहे, बाळ," त्या म्हणाल्या. "ती माझी बहीण होती. असंच झालं होतं. म्हणून तर म्हणते, हे करू नका."

पंख्यांशिवाय कसलाही आवाज राहिला नाही. विजया होणाऱ्या मुलीच्या हातातली पेन्सिल खाली पडली, ती तिने उचललीही नाही. इंदुताई शांत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं, की कुंदाचं नाव निघालं की बोलणं थांबतं. इथेही थांबेल, सगळे गप्प होतील, कागद मिटतील, अशी त्यांची समजूत. आमच्या धंद्यात असं कळल्यावर बोलणं सुरू होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार?

निखिल त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. तो रडत होता. "आजी," तो म्हणाला, "मग तर हे करायलाच पाहिजे. त्यांच्यासाठी करू आपण."

निर्मातेसाहेब मागे कुणाशी तरी कुजबुजत होते. त्यातले "सत्य घटनेवर" एवढे शब्द मला ऐकू आले. इंदुताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं की वाचन पूर्ण झालेलं नाही आणि हात अजून वर आहे. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. खोलीतला प्रत्येक माणूस हेलावून गेला होता, आणि हेलावलेल्या माणसांना थांबवणं हे माझ्या ताकदीबाहेरचं काम निघालं. मी हरले. ज्या रीतीचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, ती त्या दुपारी माझ्या डोळ्यांदेखत पोकळ ठरली.

रिक्षातून परत येताना मी म्हटलं, वकिलाकडे जाऊ, माझ्या ओळखीचे आहेत, तोंडी कबुलीला मी साक्षीदार आहे. इंदुताई नको म्हणाल्या. वकिलाला सांगायचं म्हणजे पुन्हा सगळं सांगायचं, मग कोर्टात सांगायचं. मग तिचं झालं कसं, यावर दोन्ही बाजू बोलणार. "मला वाटलं, कळलं की ते गप्प बसतील," एवढंच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या पोराचीही मावशी गेली आहे."

शूटिंग खडकवासल्याच्या पुढे एका जुन्या घरात झालं. मी गेले नाही. माझं नाव श्रेयनामावलीतून काढा असं कळवलं. "ॲज यू विश" असं उत्तर आलं, आणि आजतागायत कुणी मला विचारलेलं नाही की तुमचं नाव का नाही. त्या दिवसांत एकदा इंदुताईंकडे गेले तर त्या फोन ठेवत होत्या. सिनेमाच्या कपडेपटातल्या मुलीचा फोन होता. साहित्य सल्लागार म्हणून विचारत होती, की त्या दिवशी तुमच्या बहिणीच्या अंगावर साडी कुठली होती, काठ कसे होते. मी संतापाने बोलायला लागले. इंदुताईंनी मला थांबवलं.

"सांगितली मी. नाहीतर भलतीच दाखवतील."

पुस्तकात नसलेलं विचारायचं, ही माझीच पद्धत. तेव्हापासून मी कुठल्याही लेखकाला तसा प्रश्न विचारू शकलेले नाही, आणि तो न विचारता हे काम करता येत नाही. म्हणून ते बंदच पडलं आहे.

सिनेमा आला. चांगला झाला आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. वाईट झाला असता तर मला बरं वाटलं असतं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर "सत्य घटनेवर आधारित" अशी पाटी येते. शेवटचा सीन निखिलने फार संयमाने घेतला आहे. बंद दार दिसतं, दाराखालची फट दिसते, आणि त्या फटीतला उजेड वाढत जातो. थिएटरमध्ये बायका हुंदके देत होत्या. बाहेर पडताना माझ्या पुढच्या दोन मुली बोलत होत्या की पुस्तकाचा एंड किती फेक आहे ना, मूव्ही जास्त ऑनेस्ट आहे. मी जन्मभर दुसरं वाक्य ऐकत आले, "पुस्तक जास्त चांगलं होतं," आणि ते या एका वेळी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी इंदुताईंकडे गेले. त्यांनी नेहमीसारखा चहा केला, इकडचं तिकडचं बोलल्या. प्रकाशकाने पुस्तकाची नवी आवृत्ती काढली होती, वेष्टनावर सिनेमातली विजया होती, आणि तो गठ्ठा कोपऱ्यात तसाच बांधलेला पडला होता. मी विचारलं, कशा आहात? त्या परवा डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसल्या होत्या तेव्हाचं सांगायला लागल्या. शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली. यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, सिनेमा पाहिला, फार वाईट झालं हो तुमच्या बहिणीचं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हो म्हटलं. फार वाईट झालं." त्या कपाकडे बघत होत्या. "इतकी वर्षं अशाच बायका भेटायच्या गं. मंडईत, बँकेत, कुठेही. त्या विचारायच्या, विजयाचं पुढे काय झालं हो? कुठे गेली ती? मी काहीही सांगायचे. एकीला म्हटलं, मिरजेला नर्स झाली. एकीला सांगितलं, नाशिकला असते, शिवणाचे क्लास घेते. मागच्या वर्षी एकीला तर म्हटलं, आता आजी झाली आहे. खूश झाली बिचारी. घरी येईपर्यंत मलाही खरंच वाटायचं."

खालच्या क्लासचा तास सुटला होता, जिन्यात मुलांचा गलका चालला होता. तो ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

"आता कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "ती कुठे गेली ते आता सगळ्यांना ठाऊक आहे."